कृपया अपडेट करू नये

लग्नसराई आली की मला मळमळतं. लोकांना म्हणे आंबा आठवतो, मोगरा आठवतो, बस्त्याची साडी आठवते. मला सरळ मळमळतं. आमच्या स्वारगेटच्या मागच्या गल्लीत वैशाखातल्या दुपारी जो वास सुटतो तो एकदा घेतलेला माणूस माझ्या बाजूने बोलेल. मार्केट यार्डातून आलेल्या झेंडूच्या पाट्या, त्यातला तळाचा झेंडू पाणी सुटून काळा पडलेला, वर डिझेलचा धूर, आणि कुठल्यातरी कार्यालयाच्या मागच्या दाराशी फेकलेल्या कालच्या पत्रावळी. हे सगळं मिळून नाकात जे बसतं ते पाऊस लागेपर्यंत उठत नाही.

परवा त्यात मोबाईलवर पत्रिका आली. नंबर अनोळखी. नाव नाही, गाव नाही, नुसतं "लग्नाला यायचं हं" आणि खाली दाबायला एक फाईल. ती दाबली की पत्रिका उघडत नाही, आपली बँक उघडी पडते, एवढं आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी ती पुसली, मोबाईल पालथा घातला आणि मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. बायको म्हणाली, मोबाईलला हात लावला तर एवढं चोळायला काय झालं. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने टॉवेल पुढे केला. तिला आठवलं असणार.

मी सातवी नापास. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मास्तरच घरी आले आणि वडिलांना म्हणाले, बाकावरची जागा आता दुसऱ्या कुणाला तरी मिळू द्या. मग मी रबरी शिक्के कोरायला लागलो. शिक्का उलटा कोरावा लागतो. उलटं वाचण्यात अख्ख्या पुण्यात माझा हात धरणारा नव्हता. सुलटं समोर आलं की मी अडायचो. शिक्क्यांवरून व्हिजिटिंग कार्डं, कार्डांवरून लग्नपत्रिका, असा माझा उत्कर्ष झाला. त्या उत्कर्षाला दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढी जागा होती.

मग शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या आणि गिऱ्हाइकाची जातच बदलली. पूर्वी पत्रिका करायला आजोबा, काका, मामा, आणि शुद्धलेखन बघायला एक रिटायर मास्तर असे यायचे. आता गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं-मुली स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतः करायला यायला लागली. त्यातल्या एकाने विचारलं, काका, ऑनलाइन पत्रिका करता का? मी म्हटलं, करतो की. मला विमान दुरुस्त करता का विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतला कॉम्प्युटर घेतला. तो घरी आणून साफ केला तो दिवस मी विसरू शकत नाही, आणि मला विसरायचा आहे. कीबोर्ड पालथा करून झटकला तर खाली फरसाणाचा चुरा, केस, नखं आणि झुरळाचा एक पाय पडला. बाकीचं झुरळ कुठे गेलं ते अजून कळलेलं नाही. माउसच्या पोटात एक गोळी असायची, तिच्याभोवती अनोळखी लोकांच्या हाताचा मळ वळकटी होऊन बसलेला. मी तो नखाने खरवडून काढला. त्या रात्री जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच हाताने, त्याच माउसवर, मी गणपती फिरवला.

कारण माझी ऑनलाइन पत्रिका म्हणजे एक प्रकरण होतं. फुटपाथवरून तयार डिझाइनची सीडी आणली होती. आधी वाड्याचा दरवाजा करकरत उघडायचा. आत गणपती, तो स्वतःभोवती गर्रकन फिरायचा. वरून पाकळ्या. मागे सनई. मग डावीकडून मुलाचं नाव, उजवीकडून मुलीचं, आणि मध्ये आली की दोन्ही चिकटायची. हे हलतं-वाजतं बघायचं तर इंटरनेटच्या ब्राउझरला बाहेरून एक छोटा प्लेअर जोडावा लागायचा. प्लग-इन म्हणायचे त्याला. तो बहुतेकांकडे असायचाच. अधूनमधून तो एक चौकट दाखवायचा, इंग्रजीत. माझं नवीन रूप आलंय, घालू का, असं काहीतरी. मला इंग्रजी येत नाही, मी बटणं जागेवरून ओळखतो. डावीकडचं हो, उजवीकडचं नको. एकदा चुकून डावीकडचं दाबलं. नवीन रूप आलं आणि सनई बंद. गणपती अर्धा फिरला आणि तिथंच अडकला. लोकांकडे पाठ करून.

गणपतीची पाठ. ज्याच्या घराकडे गणपतीची पाठ होते तिथं दारिद्र्य येतं, एवढं माझ्या अडाण्यालाही माहीत होतं. लग्नाच्या पत्रिकेत असलं काही दिसलं तर व्याही जोडा काढतील. मी जुना प्लेअर परत टाकला, गणपती सरळ झाला, आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ऑनलाइन पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" या ओळीखाली मी आणखी एक ओळ टाकायला लागलो. "पत्रिका पाहताना अपडेट विचारल्यास कृपया अपडेट करू नये." मला ती ओळ फार आवडायची. छापील, सभ्य, खानदानी. आहेराची ओळ आजवर कुणी पाळलेली नाही, सगळे पाकीट घेऊन येतात. ही मात्र लोकांनी देवाची आज्ञा असल्यासारखी पाळली.

त्या उन्हाळ्यात वैशाली आली. यवतमाळकडची मुलगी, इथं एका कंपनीत कामाला, वाघोलीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. मुलगा पुण्यातलाच, तोही कॉम्प्युटरमधला, तेव्हा कंपनीच्या कामाने परगावी गेलेला. त्यामुळे पत्रिकेला ती आणि तिचे वडील असे दोघंच आले. गुलाबराव म्हणून, उंच, किडकिडीत, टोपी हातात धरून उभे राहणारे. मी नमुना लावला. दरवाजा उघडला, गणपती फिरला, आणि गुलाबरावांनी माझ्या त्या कळकट मॉनिटरला हात जोडले. परत लावा म्हणाले. परत लावला. गणपती फिरेल तशी त्यांची मान फिरायची.

"पोट्टीच्या लग्नात सनई पाहिजे बाप्पा," ते म्हणाले. "हे तर घरोघरी वाजून राहील."

वैशालीने खालची ओळ वाचली. "काका, अपडेट करू नये, हे कशाला?"

"केलं की गणपती पाठ करतो."

मग तिने वडिलांकडे बघितलं. ते चौथ्यांदा की पाचव्यांदा हात जोडत होते. "राहू द्या मग," ती म्हणाली.

हे "राहू द्या" मी पुढे कितीतरी जणांकडून ऐकलं आहे आणि स्वतःही म्हटलं आहे. गॅसच्या नळीला चीर गेली, राहू द्या. जिन्यातला दिवा गेला, राहू द्या. लग्नसराईत तर हा शब्द हवेतच असतो. आत्ता गडबड आहे, नंतर बघू. मला त्या शब्दाचीच किळस यायला लागली आहे, आणि तो माझ्या तोंडातून अजून दिवसाला चार वेळा निघतो.

पत्रिका गेली. वैशालीने ऑफिसात सगळ्यांना पाठवली, मैत्रिणींना, नातेवाइकांना, आणि मुलाकडच्या लोकांनाही. आठवडाभर कौतुक चाललं. मीही दुकानात येईल त्याला सनई ऐकवायचो, शेजारचा रफीकभाई पंखेवाला म्हणायचा, आता या पत्रिकेशी तुझंच लग्न लाव. मग एका दुपारी वैशाली रिक्षातून उतरली. भर उन्हात, कामाच्या वेळेला. आत आली, बसली नाही, पाणी नको म्हणाली.

झालं होतं असं. मी पत्रिका ठेवायचो ती इंटरनेटवरची जागा फुकटातली. तिला कुलूप होतं, पण किल्ली म्हणजे माझ्या बायकोचं नाव, पहिलं अक्षर मोठं. कुणीतरी ते उघडून आत गेला आणि सनईची फाईल उचलून तिथं स्वतःची ठेवली. दिसायला तीच, वाजायला तीच. पत्रिका उघडली की ती फाईल त्या जुन्या प्लेअरमध्ये शिरायची, आणि प्लेअरमधून सगळ्या मशीनमध्ये. मग ते मशीन त्याच्या हुकमात. त्याने काय करावं? ज्याचं मशीन त्याच्या नावाने, त्याच्याच ओळखीच्या सगळ्यांना, मर्दानी ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती पाठवायला सुरुवात केली. चित्रांसकट. वैशालीच्या मामेसासऱ्यांनी, जे हेडमास्तर होते, त्यांनी आपल्या विहीणबाईंना पाठवली. वैशालीने तिच्या परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवली. म्हणजे त्यांनी कुणीच पाठवली नव्हती, पण नाव त्यांचं, पत्ता त्यांचा.

हे ऐकताना मला हसू आलं. मी असाच आहे, बापाच्या तिरडीलाही मला हसू आलं होतं. मी काहीतरी विनोद केला, गोळ्यांना गिऱ्हाईक मिळालं का असा. वैशाली हसली नाही. म्हणाली, "काका, माझी नोकरी जाईल."

आणि नोकरी गेली तर लग्न कसं राहणार, हे तिला बोलायचीही गरज नव्हती. मुलाच्या आईने याद्या करतानाच सांगितलं होतं, आम्हाला नोकरी करणारी सून हवी, फ्लॅट दोघांच्या पगारावर घेतलाय. पुण्यात अशा गोष्टी तोंडावर सांगतात.

तिच्या ऑफिसने ज्याने पत्रिका केली त्यालाही बोलावलं होतं. मी गेलो. लग्नाला घालायचा सदरा घातला. तिथं आत वासच नव्हता. कसलाच नाही. त्या थंडगार बिनवासाच्या खोलीत मला पहिल्यांदा माझाच वास आला, शाईचा, घामाचा आणि झेंडूचा, आणि मी खुर्चीच्या टोकावर बसलो, म्हणजे खुर्चीला कमी लागेल. समोर सुरक्षेचे साहेब, पोरसवदा, अगदी नम्र. त्यांनी मला समजावून सांगितलं. मेमरी म्हणाले, करप्शन म्हणाले, ओव्हर-काहीतरी म्हणाले. मी मान हलवत राहिलो. करप्शन एवढं कळलं, ते आपल्याकडे सगळीकडेच आहे.

वैशाली मध्ये बोलली. "काका, समजा पंगत आहे. मांडवात ठरावीक पानं मांडलीत. दारात मोजायला कुणी नाही. पानं संपली तरी माणसं येतच राहिली, आणि जागा नाही म्हणून सरकत सरकत स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्यातल्या एकाने आचाऱ्याचा झारा उचलला. वाढप्यांना काय, ज्याच्या हातात झारा तो आचारी. तो सांगेल ते आता सगळ्यांच्या पानात."

साहेबांनी जरा विचार करून मान डोलावली.

"आणि ते अपडेट काय होतं?" मी विचारलं.

"दारात मोजणारा माणूस," ती म्हणाली.

त्यानंतर मी विनोद केला नाही. मांडवाच्या दारात उभा राहायला माणूस आला होता, आणि मी पाहुण्यांना छापील विनंती करून तो माणूस हाकलायला लावला होता. गणपतीची पाठ दिसू नये म्हणून. तो झारा उचलणारा कोण, कुठल्या देशातला, त्याला आई-बाप होते का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या बायकोच्या नावाने कुलूप उघडून कुणीतरी आत येऊन गेला होता, एवढीच गोष्ट अंगावर शिसारी आणायला पुरे. घरी आल्यावर मी तिला नावाने हाक मारली तर मलाच कसंतरी झालं.

आम्ही ऑफिसातून बाहेर पडल्यावर गुलाबरावांनी मुलीला समजावलं. ते फाटकाशी उभे होते, त्यांना आत सोडलं नव्हतं. म्हणाले, तू कायले अंगावर घेऊन राहिली, पत्रिकावाल्याने केलं म्हणून लिहून दे. मी तिथंच उभा होतो. मला ते पटलं, खरं सांगतो, मी मानही डोलावली. माझं काय जाणार होतं, सातवी नापासाची अब्रू. पण वैशाली म्हणाली, "त्यांना माहीत नव्हतं बाबा. मला माहीत होतं. मी ओळ वाचली आणि राहू द्या म्हटलं." हेच तिने आत साहेबांनाही सांगितलं होतं. त्यावर साहेबांनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं आणि एक अट घातली होती. पत्रिका ज्याला ज्याला गेली त्या प्रत्येकाला फोन करायचा. पत्रिका पुसायला लावायची, मशीन साफ करवून घ्यायचं, नवीन प्लेअर टाकायला लावायचा, आणि झालं म्हणून वदवून घ्यायचं. सगळे झाले तर सोमवारी या, वर शब्द टाकतो. एकजण जरी राहिला तरी पुन्हा तेच सुरू होईल, मग माझ्या हातात काही नाही.

शनिवारी सकाळपासून माझ्या दुकानात फोन सुरू झाले. माझा लँडलाइन, वैशालीचा मोबाईल. गुलाबराव नंबर वाचून द्यायचे. उकाडा असा की रिसीव्हर कानाला चिकटायचा आणि सोडवताना चर्र असा आवाज व्हायचा. मी प्रत्येकाला नम्रपणे सांगत होतो, वैशालीच्या लग्नाची पत्रिका आलीये ना, ती कृपया काढून टाका. समोरचा माणूस आधी टीव्ही बारीक करायचा. मग हळू आवाजात, "अरेरे. काय झालं हो?"

मला वाटलं मशीनबद्दल विचारतायत. मी म्हणायचो, घाण होती आत, आधी कळलं नाही. ते म्हणायचे, बरं झालं वेळेवर कळलं. इतका समजूतदारपणा बघून मला भरून येत होतं. एका बाईंनी तर मला धीर दिला, मुलीला दुसरं कुणीतरी मिळेल म्हणाल्या. तरीही माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. मी पुढचा नंबर फिरवला.

अख्ख्या पुण्याला मी दुपारपर्यंत कळवलं होतं की लग्न मोडलं.

चारच्या सुमाराला दुकानासमोर रिक्षा थांबली आणि मुलाची आई उतरली. मालतीबाई. पांढरी छत्री, कडक इस्त्रीची साडी, त्या उन्हातही कपाळावर घामाचा थेंब नाही. दुकानात तिघं होतो म्हणून त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

"आमच्याकडेही एक फोन केला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मोडलेलं लग्न माझंही थोडंफार होतं."

गुलाबरावांच्या हातातली टोपी खाली पडली. वैशाली उठून उभी राहिली. मी ती टोपी उचलून झटकली आणि तशीच हातात धरून राहिलो. वैशालीने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गोळ्यांचं सांगितलं, झाऱ्याचं सांगितलं, ओळखपत्र काढून घेतल्याचं सांगितलं, सोमवारी नोकरी असेल की नाही ते माहीत नाही हेही सांगितलं. गुलाबराव मध्येच माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणायला गेले, तिने त्यांचा हात खाली केला.

मालतीबाईंनी छत्री मिटली. "म्हणजे माझ्या भावाने विहीणबाईंना ते जे पाठवलं, ते यातलं."

"हो काकू."

"आम्ही गेले तीन दिवस त्याला डॉक्टरकडे न्यायचा विचार करतोय."

त्यांनी माझ्या दुकानाकडे एकदा नजर फिरवली. कीबोर्डवर, पंख्याच्या पात्यांवरच्या काळ्या थरावर, माझ्या सदऱ्यावर. इतक्या स्वच्छ किळसेने माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं, आणि मला ती अगदी मान्य होती. मग त्या आत आल्या, मला ऊठ म्हणून खूण केली, माझ्या खुर्चीवर रुमाल अंथरला आणि बसल्या. रिसीव्हर पदराने पुसला. गुलाबरावांना म्हणाल्या, पहिल्यापासून वाचा.

माझे सगळे फोन त्यांनी पुन्हा केले. प्रत्येकाला तेच, त्याच आवाजात. "मालती बोलतेय. लग्न आहे. पत्रिका घाण निघाली. ती आत्ता पुसा, मी धरून आहे." आणि खरंच धरून राहायच्या. ज्याला मशीन कळायचं नाही त्याला वैशालीकडे द्यायच्या, ती बटण न बटण सांगायची. ज्याने उद्या करतो म्हटलं त्याला, मग लग्नाला जेवायलाही दुसऱ्या दिवशीच या. अंधार पडला तेव्हा थोडे राहिले, ते रविवारी संपवले. गुलाबराव मधूनच मला ऐकू येईल असं पुटपुटायचे, बाई आहे का कोण आहे बाप्पा.

शेवटचं नाव त्या सुरक्षावाल्या साहेबांचंच निघालं. वैशालीने ऑफिसात सगळ्यांना पाठवली त्यात त्यांनाही गेली होती. वैशाली म्हणाली, काकू, त्यांना नको. मालतीबाईंनी नंबर फिरवला. रविवार संध्याकाळ, ते घरी होते.

"तुमच्याकडे एक पत्रिका आलीये. पुसलीत का?" त्यांनी विचारलं. पलीकडून बहुधा आत्ता पुसतो असं आलं असावं, कारण मालतीबाई रिसीव्हर धरून बसून राहिल्या. नंतर म्हणाल्या, "झालं ना? सगळ्यांची झाली, तुमची शेवटची. उद्या माझ्या सुनेला कामावर घ्या." आणि फोन ठेवला.

वैशालीने तोंड फिरवून पंख्याकडे बघितलं. तो बंदच होता.

सोमवारी तिला घेतलं. काम दुसरं दिलं, खालचं, पण घेतलं. पुढे त्या प्लेअरची असलीच भोकं वर्षानुवर्षं निघत राहिली, आणि आता म्हणे तो सगळ्या जगातूनच काढून टाकला. मेला एकदाचा. मी ऑनलाइन पत्रिका त्याच आठवड्यात बंद केल्या होत्या.

मालतीबाई त्या रविवारी दुकानातून निघताना रुमाल घडी करत मला म्हणाल्या, "लग्नाला यायचं. सहकुटुंब. कशालाही हात लावायचा नाही."

मी गेलो. हात मागे बांधून उभा राहिलो. सनई खरी होती, वाजवणारा घामाघूम झालेला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा कुणीतरी माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या. मी आधी मालतीबाईंकडे बघितलं. त्या अंतरपाटाजवळ उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून जरा वेळ घेतला, मग एकदाच मान हलवली. मग मी टाकल्या.